रेसिड्यू आपल्याला कळतो: सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना खुले पत्र

प्रति,
तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, पलूस, खानापूर आणि जत तालुक्यांतले सर्व द्राक्ष व बेदाणा उत्पादक बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

जानेवारीतली गोष्ट. घडांत पाणी उतरलं होतं, साखर भरत होती, आणि सकाळी आठ वाजता भोरड्यांचा, म्हणजे हिवाळी पाहुण्या गुलाबी मैनांचा, थवा आमच्या बागेवर आला. भोरड्या काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. आमचा गडी पत्र्याचा डबा बडवत होता, मी दुसऱ्या टोकाला ओरडत होते. त्या उठायच्या, शेजारच्या प्लॉटात बसायच्या आणि पाच मिनिटांत परत यायच्या. चमकणाऱ्या पट्ट्यांची भीती त्यांनी केव्हाच टाकून दिली आहे.

आणि एकाएकी तो सगळा थवा आवळला. मूठ झाकावी तसा. पसरलेले हजारभर पक्षी एका गोळ्यात आले, गोळा डावीकडे वळला, उजवीकडे वळला, आणि वरून कुणीतरी धोंडा सोडावा तसं काहीतरी त्यातून आरपार गेलं. दोन-चार पिसं हवेत तरंगत राहिली. थवा मिरजेच्या दिशेने निघून गेला आणि त्या दिवशी पुन्हा आमच्याकडे आला नाही. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडच्या मोबाईल टॉवरवर तो दिसला. पायाखाली भोरडी धरून निवांत पिसं उपटत होता. पाठ निळसर राखाडी, छाती पांढरट, गालावर मिशीसारखा काळा पट्टा. बहिरी ससाणा.

पुढचे तीन आठवडे तो रोज त्याच टॉवरवर यायचा. मी त्याच्याबद्दल जमेल तेवढं वाचत गेले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की ही गोष्ट पक्षीप्रेमींच्या आधी आपल्याला, द्राक्षवाल्यांना, सांगायला हवी. कारण हा पक्षी जवळजवळ संपला होता तो औषधांच्या रेसिड्यूमुळे, म्हणजे फवारणीनंतर मागे उरणाऱ्या अंशामुळे. आणि रेसिड्यू म्हणजे काय हे या महाराष्ट्रात आपल्याइतकं कुणाला कळतं?

आधी गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. आपल्याकडेही मिरज-सांगलीत कबुतरांचे शौकीन आहेत, त्यामुळे त्यांचं दुःख आपण समजू शकतो. दुसऱ्या महायुद्धात निरोप नेणाऱ्या कबुतरांना धोका नको म्हणून तिथल्या सरकारने शेकडो बहिरी ससाणे मारले होते. युद्ध संपलं, आणि १९६० च्या सुमाराला कबुतरवाल्यांनी सरकारकडे तक्रार केली की बहिरी फार माजलेत, आमची कबुतरं खातात, त्यांना मारायची परवानगी द्या. सरकारने म्हटलं, आधी मोजून बघू. डेरेक रॅटक्लिफ नावाच्या शास्त्रज्ञाकडे मोजणीचं काम आलं. माणसं कड्या-कड्यांवर जाऊन पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली घरटी बघू लागली. घरटी रिकामी होती. काहींत फुटलेली अंडी होती. बहिरी वाढले आहेत की नाहीत हे बघायला गेलेल्यांना ते नाहीसे होताना सापडले. १९६३ पर्यंत तिथली संख्या युद्धापूर्वीच्या निम्म्याच्याही खाली गेली होती. अमेरिकेत हाल आणखी वाईट. १९६४ मध्ये तिथल्या पूर्व भागात जुनी घरटी तपासली, तेव्हा एकाही ठिकाणी जोडी उरली नव्हती.

तक्रार केली म्हणून मोजणी झाली आणि मोजणी झाली म्हणून खरं कळलं. त्या कबुतरवाल्यांचे मी मनापासून आभार मानते.

आता अंडी का फुटत होती? रॅटक्लिफने काय केलं बघा. त्या देशात पूर्वी पक्ष्यांची अंडी जमवायचा छंद होता. लोकांच्या कपाटांत आणि संग्रहालयांत तारीख घातलेली जुनी टरफलं होती. त्याने ती मोजली, वजन केली. १९४७ च्या आसपास टरफल एकदम पातळ झालेलं दिसलं, सरासरी जवळजवळ एक पंचमांशाने. १९६७ मध्ये त्याने हे छापलं. शेतात आणि घरादारांत डीडीटी या कीटकनाशकाचा सर्रास वापर सुरू झाला तो महायुद्ध संपल्यावर. तारखा जुळत होत्या.

यंत्रणा अशी. फवारलेलं डीडीटी किड्यात जातं, दाण्यात जातं. तो किडा, तो दाणा लहान पक्षी खातो. डीडीटीचं रूपांतर डीडीईत होतं आणि ते विरघळून बाहेर पडत नाही, चरबीत साठतं. असे शेकडो लहान पक्षी बहिरी खातो. प्रत्येकाच्या अंगातला थोडा थोडा साठा त्याच्या अंगात जमा होतो. तो त्याने मरत नाही. पण मादीच्या शरीरात टरफलाला कॅल्शियम पोचवायचं जे काम असतं, त्यात डीडीई आडवं येतं. अंडं दिसायला चांगलं असतं. मादी उबवायला बसते आणि तिच्याच वजनाखाली ते फुटतं. ज्या आईने ऊब द्यायची तिच्याच पोटाखाली. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

इंग्लंडात याच्या जोडीला डायल्ड्रिनही होतं. पेरणीच्या बियाण्याला चोळायचं औषध. आपण ज्याला बीजप्रक्रिया म्हणतो ती. पेरलेले दाणे कबुतरं टिपायची, कबुतरं बहिरी खायचा आणि मोठे, धडधाकट पक्षी सरळ मरायचे. एक औषध मोठ्यांना मारत होतं, दुसरं पुढची पिढी जन्मू देत नव्हतं.

मग परत कसा आला? सगळ्यात आधी विष थांबलं. ब्रिटनमध्ये वसंतातल्या पेरणीसाठी ती बीजप्रक्रिया वापरायची नाही, असं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरलं, आणि हे ठरलं ते सरकार, कंपन्या आणि शेतकऱ्यांच्या आपसातल्या संमतीने. कायद्याची सक्ती तेव्हा नव्हती. ही ओळ मी मुद्दाम अधोरेखित करते आहे. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटी बंद केलं. तिकडे टॉम केड नावाच्या प्राध्यापकाने कॉर्नेल विद्यापीठात बहिरी पाळून त्यांची पैदास करायला घेतली होती. ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांची जी जुनी विद्या, ती इथे कामाला आली. त्या लोकांनी आपले लाडके पक्षीसुद्धा यासाठी दिले. पिल्लं थोडी मोठी झाली की उंच कड्यावर किंवा मनोऱ्यावर पेटीत ठेवायची, माणूस दिसणार नाही अशा नळीतून खाणं सोडायचं, आणि पंख फुटले की पेटी उघडायची. असे सहा हजारांहून जास्त पक्षी सोडले गेले. १९७५ च्या सुमाराला संपूर्ण उत्तर अमेरिकेत ३२४ जोड्या माहीत होत्या. ऑगस्ट १९९९ मध्ये बहिरी धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर काढला गेला. ब्रिटनमध्ये २०१४ च्या मोजणीत सतराशेहून जास्त जोड्या निघाल्या. आज लंडन, न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर आणि पुलांवर त्यांची घरटी आहेत.

आपल्या टॉवरवर बसणारा बहिरी त्या पेट्यांतल्या पिल्लांचा वंशज आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे बहिरी उत्तरेच्या, सैबेरियाच्या बाजूच्या बर्फाळ प्रदेशातून येतात. वर्षभर इथेच राहणारा त्यांचा भाऊबंद म्हणजे शाहीन ससाणा. तो आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करतो. पण शरीर तेच आणि चरबीही तीच.

आता आपल्याकडे वळते.

२०१० चा हंगाम आठवा. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या आपल्या सीसीसीचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर बंदरात अडकले. आपल्यापैकी किती जणांचं कंबरडं मोडलं ते मला वेगळं सांगायची गरज नाही. पण त्यानंतर आपण शिकलो. कुठलं औषध छाटणीनंतर कितव्या दिवशी, काढणीच्या किती दिवस आधी बंद, मणी प्रयोगशाळेत कधी पाठवायचा, सगळं तोंडपाठ झालं. आज आमच्या गावातला पंचविशीतला पोरगा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते, विचारल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडत नाही. किलोत मिलिग्रॅमचा शंभरावा भाग म्हणजे काय हे भल्याभल्या पदवीधरांना समजत नाही, आपल्याला समजतं. ही विद्या आपण परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या ताटासाठी कमावली. तीच विद्या बांधापर्यंत का जाऊ नये, एवढंच मला विचारायचं आहे.

मी लहान असताना मलेरियाची फवारणी करणारे यायचे, भिंतींवर डीडीटी मारायचे आणि दाराशेजारी तारीख लिहून जायचे. घरात उरलेल्या पावडरीने आजी मुंग्यांची रेघ पुसायची. शेतीतला डीडीटीचा वापर आपल्या देशात १९८९ मध्ये बंद झाला. एंडोसल्फान हे दुसरं कीटकनाशक आमच्या बागेतही आलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. माझे वडील वाईट माणूस नव्हते. त्यांना जे दिलं गेलं, जे शिकवलं गेलं, ते त्यांनी मारलं. त्यांना कुणी टरफलाची गोष्ट सांगितली नव्हती. मला ती आता ठाऊक आहे, म्हणून माझी जबाबदारी त्यांच्याहून मोठी आहे.

मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची बाटली किती जणांच्या शेडात अजून पडून आहे? २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदी आणली. हेच औषध अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशात १९९५-९६ च्या उन्हाळ्यात नाकतोड्यांवर मारलं गेलं. उत्तर अमेरिकेतून हिवाळा काढायला तिथे स्वेन्सन हॉक नावाचा शिकारी पक्षी थव्याने येतो आणि नाकतोडेच खातो. शास्त्रज्ञांनी शेतांत मेलेले सुमारे पाच हजार पक्षी प्रत्यक्ष मोजले. एकूण मृत्यू वीस हजारांच्या घरात असावेत असा अंदाज होता. कंपन्यांनी तिथून ते औषध मागे घेतलं, शेतकऱ्यांना समजावलं गेलं, आणि पुढच्या हंगामात मरण झपाट्याने कमी झालं. एका हंगामात. एवढ्या लवकर फरक पडतो.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे पत्र लिहायचा मला हक्क नाही.

तीन वर्षांपूर्वी बेदाणा शेडात उंदरांनी उच्छाद मांडला होता. रॅकखाली, बारदानाखाली, सगळीकडे लेंड्या. मी ब्रोमाडिओलोनच्या वड्या आणल्या आणि शेडात, बांधावर, पाइपलाइनच्या खड्ड्यात, जिथे हात पोचला तिथे टाकल्या. ब्रोमाडिओलोन खाऊन उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायचं थांबतं, चार-पाच दिवस तो सुस्त होत जातो, उजेडात, उघड्यावर फिरतो. असा उंदीर पकडायला सगळ्यात सोपा. आमच्या शेडाच्या तुळईवर गव्हाणी घुबडांची जोडी होती. दहा-बारा दिवसांनी त्यातलं एक सकाळी रॅकच्या कडेला पडलेलं सापडलं. अंगावर जखम नव्हती, चोचीपाशी थोडं रक्त. तपासणी झाली नाही, त्यामुळे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मला ठाऊक आहे. दुसरं घुबड काही दिवस येत राहिलं, मग तेही दिसेनासं झालं. आणि उंदीर? पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. रात्री उंदीर मारणारे दोन नोकर, बिनपगारी, मीच घालवले होते.

इथे कुणी म्हणेल, आणि आमच्या भावकीतल्या एकाने म्हटलंच, की वहिनी, डोक्यावर कर्ज, वर अवकाळी, बेदाण्याला दर नाही, बाग वाचवू की पक्षी? मला राग आला नाही. माझ्याही डोक्यावर कर्ज आहे. एक बहिरी आला म्हणून भोरड्यांचा त्रास संपत नाही, हे मी बागेत उभी राहून बघितलं आहे. तसं आमिष मी कुणाला दाखवणार नाही. पण जे मी मागते आहे त्याने बागेचा एक घडही कमी होत नाही. उंदराच्या वड्या टाकायच्याच असतील तर झाकणाच्या डब्यात, फक्त शेडाच्या आत; बांधावर, ओढ्याकाठी, उसाच्या कडेला नकोत. त्याआधी पिंजरे लावून बघा. मेलेला उंदीर उकिरड्यावर फेकू नका, हातभर खड्ड्यात पुरा. रोज सकाळी शेडात एक फेरी, दहा मिनिटांचं काम.

जाळीचंही तसंच. पक्षीजाळी ताणून बांधली तर पक्षी आपटून परत फिरतो. ढिली सोडली, फाटली, लोंबली की त्यात गुंततो. आमच्या शेजारच्या प्लॉटात बुलबुलाच्या मागे शिरलेला शिक्रा अडकला होता. दुपारपर्यंत कुणी बघितलं नाही, पंखाचा सांधा निखळला होता. काढणी संपली की जाळी काढा, गुंडाळा, आत ठेवा. मे-जूनपर्यंत वाऱ्यावर फडकत राहते ती जाळी कुणाचंच रक्षण करत नाही. आणि पक्षी अडकलेला दिसलाच तर ओढू नका. कात्रीने दोरे कापा, डोक्यावर फडकं टाका म्हणजे तो शांत होतो, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

बहिरीचं नशीब बलवत्तर म्हणायचं, कारण तो दोन-तीन वर्षांचा झाला की घरटं करतो आणि एका वेळी तीन-चार अंडी घालतो. विष थांबल्यावर त्याला भरून काढता आलं. गिधाडाला ते जमत नाही. त्याचं वर्षाला एकच अंडं. आपल्या गोठ्यातल्या जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने, मेलेली जनावरं खाणारी देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक, २०२४ च्या डिसेंबरअखेर निमसुलाईड. तरी गिधाडं अजून परतलेली नाहीत. आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या दारात दुभती म्हैस किंवा गाय आहे. डॉक्टर सुई भरताना एवढंच म्हणा की सूज-वेदनेला मेलॉक्सिकॅम द्या. ते गिधाडांना चालतं, जनावरालाही चालतं.

शेवटची विनंती आपल्या संघटनांच्या जिल्ह्यातल्या पदाधिकाऱ्यांना आणि चर्चासत्रं भरवणाऱ्या सगळ्यांना. दरवर्षी फळछाटणीआधी आपली चर्चासत्रं होतात. डाऊनी, भुरी, मिलीबग, संजीवकं, निर्यातीचे नियम, यांवर दिवसभर बोललं जातं आणि आम्ही वह्या भरून घेतो. यंदा त्यात अर्धा तास याला द्या. पक्ष्यांचा अभ्यास करणारा एखादा माणूस बोलवा, त्याला टरफलाची गोष्ट सांगू द्या. फवारणीचं जे वेळापत्रक छापून वाटलं जातं, त्याच्या मागच्या बाजूला उंदराच्या वड्या आणि जाळीबद्दल चार ओळी छापा. आणि गावागावांत शेडाच्या कोपऱ्यात पडलेल्या बंदी आलेल्या औषधांच्या बाटल्या गोळा करून कृषी खात्याच्या ताब्यात द्यायचा एक दिवस ठरवा. या बाटल्या विहिरीकाठी नाहीतर ओढ्यात रिकाम्या होतात, हे आपण सगळे जाणतो.

आमच्या शेडात तुळईला मी लाकडी पेटी बसवून घेतली आहे, घुबडासाठी, वीतभर तोंडाची. बागेच्या चारी बाजूंना पक्षीथांबे रोवले आहेत. वड्या आणणं बंद केलं. तीन पिंजरे आहेत. पेटीत अजून कुणी आलेलं नाही. थांब्यांवर मात्र रोज संध्याकाळी एक कापशी घार येऊन बसते आणि उसाच्या कडेला तोंड करून उंदराची वाट बघते. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसते आणि तिला बघते.

बहिरी मार्चअखेर गेला. नोव्हेंबरात भोरड्या जोर धरतील तेव्हा मी पुन्हा टॉवरकडे बघायला लागेन. तुमच्याकडे कुठे दिसला तर कळवा.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार
कवठेमहांकाळ तालुका, जि. सांगली